शालेय सर्व्हरसाठी हलक्या डेस्कटॉपची निवड

ज्या शाळेत एखादा जुना संगणक कोपऱ्यातील बाकावर कापड घालून ठेवलेला आहे, अशी शाळा शोधण्यासाठी अहिल्यानगर जिल्ह्यात फार हिंडावे लागत नाही. डेड स्टॉक रजिस्टरात त्याची रीतसर नोंद असते, त्याच्या किल्लीचा मालकही ठरलेला असतो. परंतु तो चालू करावयाचा तर सुरू होण्यासच इतका वेळ घेतो की तास संपून जातो, आणि मग गुरुजी ते कापड पुन्हा घालून ठेवतात. यंत्र मोडलेले नसते. त्याच्यावर जे ओझे टाकलेले आहे ते त्याच्या शक्तीबाहेरचे झालेले असते, इतकेच.

हा प्रश्न अलीकडे अधिक निकडीचा झाला आहे. दि. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीस मिळणारी नेहमीची विनामूल्य सुरक्षा-दुरुस्ती थांबली. तिच्या जागी येणाऱ्या विंडोज ११ ला किमान ४ जीबी स्मृती, टीपीएम २.० नावाची सुरक्षा-योजना आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. दहा-बारा वर्षांपूर्वी शाळेला मिळालेली बहुतेक यंत्रे या कसोटीस उतरत नाहीत. तेव्हा अशा यंत्रांचे करावयाचे काय, ती निर्लेखित करून भंगारात द्यावयाची काय, असा प्रश्न मुख्याध्यापकांपुढे उभा राहतो. त्याचे एक चांगले उत्तर असे आहे की त्या यंत्रावर लिनक्स ही मुक्त प्रणाली घालून त्यास शाळेचा सर्व्हर करावे. हे उत्तर देणे सोपे. परंतु ते अमलात आणताना पहिल्याच पायरीवर जी निवड करावी लागते ती चुकली तर यंत्र पुन्हा कापडाखाली जाते. ती निवड म्हणजे डेस्कटॉपची.

सर्व्हर म्हणजे इतर यंत्रांना हवी ती सामग्री पुरविणारे यंत्र. अकोले तालुक्यातील डोंगरी भागात, जेथे पावसाळ्यात मोबाईलचा संकेत येतो आणि जातो, तेथील एखादी द्विशिक्षकी शाळा डोळ्यांपुढे आणावी. शाळेत आठ-दहा टॅब्लेट आहेत, परंतु इंटरनेट नाही. एका जुन्या संगणकात बालभारतीची पाठ्यपुस्तके, स्टोरीवीव्हरवरील मुक्त परवान्याची मराठी गोष्टींची पुस्तके आणि किविक्स या योजनेने साठविलेला संपूर्ण मराठी विकिपीडिया ठेवला आणि त्यास एक साधा वायफाय राउटर जोडला, तर वर्गातील प्रत्येक टॅब्लेटवर ही सर्व सामग्री उघडता येते. तीही बाहेरच्या जगाशी संबंध नसताना. लर्निंग इक्वॅलिटी या संस्थेची कोलिब्री नावाची योजना याच पद्धतीने धडे, चित्रफिती व स्वाध्याय पुरविते, आणि कोणत्या मुलाने किती स्वाध्याय सोडविले याची नोंदही ठेवते. मराठी विकिपीडियाचा आरंभ दि. १ मे २००३ रोजी झाला. तेव्हापासून साठलेली ती सारी पाने एका साध्या पेनड्राइव्हवर मावतात, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांना खरे वाटणार नाही.

महाराष्ट्रात असा प्रयोग अगदी नवा आहे असे नव्हे. रायगड जिल्ह्यातील खैरात या छोट्या वस्तीतील एकशिक्षकी शाळेत २००७ साली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या आंतरराष्ट्रीय योजनेची हिरवी-पांढरी लॅपटॉप यंत्रे मुलांच्या हाती देण्यात आली. त्या यंत्राची शक्ती आजच्या हिशेबाने नगण्य होती. प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, कार्यस्मृती अवघी २५६ एमबी आणि साठवणुकीस १ जीबी! तरीही मुले त्यावर लिहीत, चित्रे काढीत, छायाचित्रे घेत. हे शक्य झाले याचे एक कारण म्हणजे त्या यंत्रावर लिनक्ससोबत घातलेला ‘शुगर’ नावाचा डेस्कटॉप. शुगरमध्ये खिडक्या एकमेकींवर पडत नाहीत. एका वेळी एकच काम सगळा पडदा व्यापते. फाइलला नाव देणे, ती कोठे ठेवली ते आठवणे, ही यातायात नाही. केलेले काम रोजनिशीत आपोआप नोंदले जाते. ज्यांनी तो रचला त्यांनी मोठ्या माणसाच्या कचेरीतील टेबलाची नक्कल लहान मुलापुढे ठेवली नाही. त्यांनी आधी पडद्यापुढे कोण बसणार हे विचारले आणि मग पडदा आखला. शालेय सर्व्हरसाठी डेस्कटॉप निवडताना हाच प्रश्न विचारावयाचा आहे; फक्त येथे पडद्यापुढे मूल बसणार नसून शिक्षक बसणार आहे, आणि तोही आठवड्यातून एखाद्या वेळी.

आता मुळातच एक शंका उत्पन्न होईल. सर्व्हरला डेस्कटॉप हवाच कशाला? या विषयातील जाणकार मंडळी बहुधा नको असेच सांगतील, आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. मुले सर्व्हरचा पडदा पाहतच नाहीत. ती आपल्या टॅब्लेटवरील ब्राउझरमध्ये सामग्री पाहतात. तेव्हा सर्व्हरवर चित्रे, खिडक्या, घड्याळ, रंगीत पार्श्वभूमी हे सर्व रात्रंदिवस मांडून ठेवणे म्हणजे निकामी खर्च होय. शिवाय जितके कार्यक्रम अधिक, तितक्या त्यांच्या दुरुस्त्या अधिक आणि बिघाडाच्या जागाही अधिक. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून सर्व कारभार करता येतो, आणि जगातील बहुसंख्य लिनक्स सर्व्हर तसेच चालतात.

हे सर्व खरे असूनही खेड्यातील शाळेच्या बाबतीत ते पुरे पडत नाही. जगातील त्या सर्व्हरांमागे पगारी जाणकार असतो. येथे यंत्राची देखभाल करणारा तोच शिक्षक असतो, जो चार इयत्ता एकत्र बसवून शिकवितो, पोषण आहाराचा हिशेब ठेवतो, यू-डायस प्लसची माहिती भरतो आणि पालकसभाही बोलावतो. त्याच्यापुढे काळा पडदा व त्यावर लुकलुकणारी एक रेघ आली की त्याचा हात आखडतो. पुष्कळदा असे होते की केंद्रातील एखादा हौशी शिक्षक सर्व यंत्रणा उत्तम उभारतो, पुढे त्याची बदली होते, आणि त्याच्या जागी येणाऱ्या बाईंना चार्ज देताना यंत्र दिले जाते, परंतु आज्ञा दिल्या जात नाहीत. त्या त्याच्या डोक्यात असतात आणि त्याच्याबरोबरच निघून जातात. ज्या यंत्रात नवी पुस्तके भरता येत नाहीत ते यंत्र वर्षभरात जुने होते. म्हणून डेस्कटॉप असावा. परंतु तो यंत्राच्या अंगावर सदैव बसलेला नसावा. पोळ्याची झूल बैलाला शोभते, पण औताला जुंपताना ती काढून ठेवतात. हे कसे साधावयाचे ते पुढे येईलच.

डेस्कटॉप म्हणजे एकच वस्तू नव्हे, हे ध्यानात आले तर निवड सोपी होते. सर्वांत खाली लिनक्सचा गाभा असतो. तो यंत्राचे भाग चालवितो. त्याच्यावर पडद्यावर रेखाटन करणारी व्यवस्था असते. एक्स ही जुनी आणि वेलँड ही नवी. तिच्यावर विंडो मॅनेजर, ज्याचे काम खिडक्यांना चौकट घालणे, त्या हलविणे, लहानमोठ्या करणे. आणि या सर्वांना एकत्र गुंफून वर पट्टी, सूची, फाइली दाखविणारा कार्यक्रम, सेटिंग यांची जोड दिली की त्यास डेस्कटॉप म्हणावयाचे. घराच्या भाषेत बोलावयाचे तर विंडो मॅनेजर म्हणजे चार भिंती व दारे. डेस्कटॉप म्हणजे मांडणी, फडताळ व दिवाबत्तीसह नांदते घर. कोणी नुसत्या भिंतींत राहू शकतो, कोणाला फडताळ लागते.

मोठ्या घरांची नावे बहुतेकांनी ऐकलेली असतात. केडीई १९९६ साली आणि ग्नोम १९९७ साली सुरू झाले. दोन्ही सुंदर आहेत, आणि नव्या यंत्रावर खुशाल वापरावेत. परंतु ग्नोम काहीही काम न करता नुसता उभा राहिला तरी यंत्राची १ जीबीच्या आसपास किंवा त्याहून अधिक स्मृती अडवितो. शिवाय त्याच्या रेखाटनास चित्रक्षमतेची बरी चिप लागते. ती नसेल तर ते सर्व काम बिचाऱ्या प्रोसेसरवर येऊन पडते आणि उंदीर-कळ हलविली तरी बाण मागून येतो. २ जीबी स्मृतीच्या यंत्रावर ग्नोम घालणे म्हणजे एका खोलीच्या शाळेत अर्धी खोली कार्यालयाला देण्यासारखे आहे.

हलक्या घरांत तीन-चार नावे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. एक्सएफसीई हा १९९६ सालापासून चालत आलेला डेस्कटॉप. त्याची मांडणी परिचित आहे. पट्टी, सूची, फाइलींचे कपाट जेथे असावयास हवे तेथेच सापडते, आणि आवृत्ती बदलली तरी घरातले सामान इकडचे तिकडे होत नाही. हा त्याचा गुण शिक्षकाच्या दृष्टीने मोठा आहे, कारण सहा महिन्यांनी यंत्रापुढे बसणाऱ्याला ओळखीची खूण हवी असते. एलएक्सडीई हा २००६ साली तैवानमधील एका तरुणाने आरंभिलेला. अत्यंत काटकसरी, आणि बरीच वर्षे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या अधिकृत डेस्कटॉपचा पाया. परंतु तो ज्या साधनांवर उभारला ती जीटीके-२ नावाची साधने आता जुनी होऊन त्यांची देखभाल थांबली आहे. म्हणून जेथे एलएक्सडीई चालू आहे तेथे तो उगाच काढू नये, पण नवी मांडणी करताना त्याच्या मागे जाऊ नये, हे बरे. एलएक्सक्यूटी हा त्याचाच धाकटा भाऊ म्हणावा असा. २०१३ साली दोन प्रकल्प एकत्र येऊन तो घडला आणि पुढच्या वर्षी त्याची पहिली आवृत्ती आली. काटकसर थोरल्याची, साधने मात्र नवी. मेट हा ग्नोमच्या दुसऱ्या पिढीचे जुने रूप जिवंत ठेवण्यासाठी २०११ साली निघाला. ज्यांचे हात त्या रूपाला सरावलेले आहेत त्यांना तो आवडतो, पण हलकेपणात तो एक्सएफसीईपेक्षा पुढे नाही.

आइसडब्ल्यूएम, ओपनबॉक्स, जेडब्ल्यूएम ही त्याहून लहान मंडळी. ती मुळात विंडो मॅनेजरच. १ जीबी स्मृतीचे अगदी जुने यंत्र असेल तर यांच्याकडे वळावे. परंतु पेनड्राइव्ह लावला की तो आपोआप दिसणे, छपाईयंत्र जोडणे, आवाज कमी-जास्त करणे अशा साध्या सोयी येथे हाताने जोडून घ्याव्या लागतात. जो शिक्षक हे करू शकतो त्याला बहुधा डेस्कटॉपची गरजच नसते, अशी यातली गंमत आहे.

आकडे हवे असतील तर अंदाजाने असे सांगता येईल. यंत्र सुरू होऊन स्थिर झाल्यावर, दुसरे काही उघडलेले नसताना, आइसडब्ल्यूएम किंवा ओपनबॉक्ससह संपूर्ण प्रणाली २०० ते ३०० एमबी, एलएक्सक्यूटीसह ३५० ते ५०० एमबी आणि एक्सएफसीईसह ५०० ते ७०० एमबी स्मृती वापरते. आवृत्ती व यंत्र यांप्रमाणे हे आकडे हलतात, म्हणून ते वेदवाक्य मानू नयेत. त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. सर्व्हरवर बसून कोणी ब्राउझर उघडला आणि दोन-तीन पाने पाहू लागला की एकट्या ब्राउझरला ५०० एमबी ते १ जीबी स्मृती सहज लागते. म्हणजे एलएक्सक्यूटी की एक्सएफसीई या वादात जे दीड-दोनशे एमबी वाचवावयाचे त्याच्या कितीतरी पट एका ब्राउझरने खाल्ले. हलका डेस्कटॉप निवडून त्यावर बातम्या वाचणे म्हणजे डब्यात भाकरी मोजून नेऊन वाटेत भजी खाण्यापैकी आहे. सर्व्हरवर ब्राउझर उघडू नये. कोलिब्रीची व्यवस्था पाहावयाची असेल तर ती शिक्षकाच्या टॅब्लेटवरून किंवा मोबाईलवरून पाहता येते.

आता मराठीचा विचार. हलकेपणाच्या गडबडीत नेमका हाच विसरला जातो, आणि येथे तो सर्वांत आधी व्हावयास हवा. लिनक्सवर मराठी आपोआप उगवलेली नाही. इ. स. २००० च्या सुमारास मुंबईत सुरू झालेल्या इंडलिनक्स या प्रकल्पातील स्वयंसेवकांनी भारतीय भाषांसाठी वाट पाडली. पुण्यात रेड हॅटच्या कार्यालयातून मराठी अनुवादाचे व ‘लोहित’ या मुक्त टंकाचे काम वर्षानुवर्षे चालले. सी-डॅक या शासकीय संस्थेने २००७ साली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली प्रसिद्ध केली. ती डेबियन या प्रणालीवर आधारलेली असून शाळांसाठी तिची ‘एड्युबॉस’ नावाची आवृत्तीही निघाली. या सर्वांच्या श्रमामुळे आज मराठी अक्षरे पडद्यावर बहुतेक ठिकाणी नीट दिसतात. मात्र बहुतेक ठिकाणी म्हणजे सर्व ठिकाणी नव्हे. देवनागरीत व्यंजने एकमेकांस जोडली जातात, वेलांटी उच्चाराने नंतर येते पण अक्षराच्या आधी बसते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. ही जुळणी करणारी खास योजना असते आणि मोठे डेस्कटॉप तिचा उपयोग करतात. काही अगदी छोटे विंडो मॅनेजर खिडकीच्या शीर्षपट्टीवर अक्षरे लिहिताना ही जुळणी करीत नाहीत, आणि मग ‘विद्यार्थी’ या शब्दाची वेलांटी एकीकडे व रफार दुसरीकडे पडतो. ज्याने आयुष्यभर मुलांच्या वह्यांतील वेलांट्या तपासल्या, त्याच्या शाळेतील यंत्रानेच त्या चुकवाव्यात, हे बरे नव्हे.

म्हणून कोणताही डेस्कटॉप कायम करण्यापूर्वी एक छोटी परीक्षा घ्यावी. एक फोल्डर तयार करून त्यास ‘इयत्ता दुसरी: कृष्णाच्या ज्ञानार्जनाच्या तऱ्हा’ असे किंवा अशाच जोडाक्षरांनी भरलेले नाव द्यावे, ‘ऱ्ह’, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्री’, ‘द्ध’ ही अक्षरे त्यात आली म्हणजे झाले. ते नाव फोल्डरखाली, शीर्षपट्टीवर व सूचीत अशा तिन्ही ठिकाणी शुद्ध उमटते की नाही ते पाहावे. ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाची आहेत की हिंदी वळणाची, हेही पाहून घ्यावे. पहिलीच्या मुलांपुढे जावयाची अक्षरे असतील तर हा भेद क्षुल्लक नाही. मराठी टंकण्यासाठी इन्स्क्रिप्ट कळफलक जवळजवळ प्रत्येक डेस्कटॉपमध्ये मिळतो, परंतु इंग्रजी-मराठी अदलाबदल कोणत्या कळीने होते ते एक्सएफसीई व एलएक्सक्यूटी यांत सेटिंगमधून सहज ठरविता येते. लहान विंडो मॅनेजरमध्ये त्यासाठी फाइल संपादित करावी लागते.

प्रणाली बसविण्याबद्दल थोडेसे. डेबियन ही प्रणाली दीर्घकाळ टिकाऊ म्हणून ओळखली जाते आणि शालेय सर्व्हरला ती योग्य आहे. तिच्या स्थापनेचा चित्रमय कार्यक्रम निवडला तर सर्व प्रश्न मराठीतून विचारले जातात. निव्वळ अक्षरी कार्यक्रमात मराठी मिळत नाही, कारण तेथे देवनागरीची जुळणी होत नाही. शेवटाकडे एक यादी येते: ग्नोम, एक्सएफसीई, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, मेट, एलएक्सडीई, एलएक्सक्यूटी. येथे सावध असावे. काहीच न बदलता पुढे गेले तर ग्नोम बसतो, कारण खूण त्याच्यापुढे केलेली असते. ती काढून हव्या त्या नावापुढे करावी. कित्येक शाळांत ‘लिनक्सही मंदच चालते’ असा जो ग्रह झालेला आढळतो त्याचे मूळ पुष्कळदा या न काढलेल्या एका खुणेत असते.

यंत्र ३२-बिटांचे असल्यास मात्र अडचण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून ३२-बिटांच्या जुन्या यंत्रांवर नव्याने प्रणाली बसविण्याची सोय राहिलेली नाही. त्यांच्यासाठी डेबियन १२ घेता येते, आणि तिची दीर्घ मुदतीची देखभाल २०२८ च्या जूनपर्यंत ठरलेली आहे. त्यापुढे अशा यंत्राचा मोह सोडावा. ३२-बिटांच्या यंत्रावर वेळ घालविण्यापेक्षा केंद्रशाळेत पडलेले दुसरे ६४-बिटांचे यंत्र मागून घेणे केव्हाही श्रेयस्कर.

तर मग निर्णय कसा करावा? ४ जीबी स्मृती असेल तर एक्सएफसीई. त्याच्या परिचित मांडणीसाठी दीडशे एमबी अधिक गेले तर जाऊ द्यावेत. २ जीबी असेल तर एलएक्सक्यूटी. १ जीबी असेल तर डेस्कटॉप नकोच. त्या यंत्रावर फक्त किविक्स व पुस्तकांचा साठा ठेवून कारभार दुसऱ्या यंत्राच्या ब्राउझरमधून करावा. त्यासाठी कॉकपिट नावाचा कार्यक्रम आहे. तो सर्व्हरवर बसविला की शिक्षकाच्या लॅपटॉपमधून डिस्क किती भरली, कोणता कार्यक्रम बंद पडला हे दिसते आणि यंत्र नीट बंदही करता येते. ज्या शाळेत शिक्षकाकडे स्वतःचा लॅपटॉप आहे व त्याची या बाबतीत भीड चेपलेली आहे, तेथे मोठ्या यंत्रावरही हाच मार्ग उत्तम होय.

डेस्कटॉप बसविल्यावर दोन गोष्टी त्याच दिवशी कराव्यात. पहिली, झोपेची सोय बंद करणे. डेस्कटॉप हा मुळात माणसासमोर बसावयाच्या यंत्रासाठी रचलेला असतो. काही वेळ कोणी कळ दाबली नाही की माणूस उठून गेला असे तो समजतो, आणि काही मांडण्यांत सारे यंत्रच झोपी घालतो. सर्व्हरपुढे तर कोणी बसतच नाही! वीस मुले टॅब्लेटवर गोष्ट वाचीत असताना यंत्र झोपी जाते, सर्वांची पाने अडतात, आणि शिक्षक राउटरला दोष देत बसतो. सेटिंगमधील वीजव्यवस्थापनात जाऊन यंत्राची झोप कायमची बंद करावी. पडदा तेवढा विझू द्यावा. नाचणारी चित्रे दाखविणारा स्क्रीनसेव्हर असेल तर तोही काढावा; रिकाम्या वर्गात ती चित्रे पाहणारे कोणी नसते आणि प्रोसेसर मात्र राबत असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ती झूल उतरविणे. लिनक्समध्ये यंत्राने सुरू होताना चित्रमय पडद्यापर्यंत यावे की त्याआधीच्या पायरीवर थांबावे, हे एका आज्ञेने एकदाच ठरवून टाकता येते. त्याआधीच्या पायरीवर थांबविले तर सर्व्हरची सारी कामे, म्हणजे कोलिब्री, किविक्स, फाइलींची देवघेव, चालू राहतात, डेस्कटॉप मात्र स्मृतीत येत नाही. महिन्याची नवी सामग्री भरावयाच्या दिवशी शिक्षकाने काळ्या पडद्यावर आपले नाव व परवलीचा शब्द टंकावा आणि त्यापुढे ‘स्टार्टएक्स’ हा एकच शब्द इंग्रजी लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहावा. डेस्कटॉप उघडतो. पेनड्राइव्हवरून पुस्तके ओढून योग्य त्या फोल्डरात टाकावीत, डिस्कवर किती जागा उरली ते पाहावे, आणि बाहेर पडावे. डेस्कटॉप मिटतो, स्मृती मोकळी होते. ज्याला आज्ञांची भीती वाटते त्याला एवढी एक आज्ञा पुरते. तीही कार्डावर लिहून यंत्राच्या बाजूस चिकटविता येते.

हे कार्ड म्हणजे थट्टेचा विषय नव्हे. त्यावर तीन-चार ओळी असाव्यात: डेस्कटॉप कसा उघडावा, नवी पुस्तके कोणत्या फोल्डरात टाकावीत, टॅब्लेटवर कोणता पत्ता टंकावा, यंत्र कसे बंद करावे. परवलीचा शब्द कार्डावर लिहू नये. तो मुख्याध्यापकांच्या कपाटातील बंद पाकिटात ठेवावा आणि चार्ज यादीत त्या पाकिटाची स्वतंत्र नोंद करावी. आपोआप आत शिरण्याची सोय ठेवू नये. मुलांचे आधार क्रमांक, पालकांचे मोबाईल क्रमांक, यू-डायसच्या याद्या असले काहीही या यंत्रावर ठेवू नये. ज्या यंत्राला गावातील प्रत्येक टॅब्लेट जोडला जातो ते दप्तर ठेवण्याचे कपाट नव्हे.

वीज हा शेवटचा आणि ग्रामीण शाळेपुरता कदाचित सर्वांत अवघड भाग. समजा जुना संगणक ८० वॅट घेतो. शाळेच्या सहा तासांत त्यास सुमारे अर्धा युनिट, म्हणजे पंचवीस दिवसांच्या महिन्यात बारा युनिट वीज लागेल. तोच रात्रंदिवस चालू ठेवला तर महिन्याला सुमारे ५८ युनिट. शाळेच्या सादिल खर्चात हा फरक जाणवतो. रास्पबेरी पायसारखे छोटे यंत्र ६ वॅटच्या आसपास चालते असे धरले तर रात्रंदिवस चालवूनही महिन्याला साडेचार युनिटांच्या आत भागते. म्हणून नवे यंत्र घेण्याचा योग आला तर तेच घ्यावे. त्याच्या प्रणालीत डेस्कटॉपरहित आवृत्ती वेगळी मिळते. जुने यंत्र असेल तर ते शाळा सुटताना बंद करण्याची शिस्त हवी. डेस्कटॉप मिटलेला असताना यंत्राची कळ एकदा हलकेच दाबली की लिनक्स सर्व फाइली नीट मिटवून स्वतः बंद होते. चार-पाच सेकंद दाबून धरू नये; तसे केल्यास यंत्र तडकाफडकी बंद होते आणि चालू असलेली नोंद अर्धवट राहते. हे काम चौथीतील एखाद्या जबाबदार मुलीला नेमून द्यावे. फळा पुसण्याइतकेच ते सोपे आहे.

भारनियमनाने मध्येच वीज गेली तर काय? लहानसा यूपीएस असला तर दहा-पंधरा मिनिटांचा अवधी मिळतो. तो नसला तरी लिनक्सची फाइल-व्यवस्था आपली कामे आधी टिपणवहीत लिहून मग करते, त्यामुळे बहुधा साठा सुखरूप राहतो. मात्र कोलिब्रीतील त्या क्षणाची नोंद जाऊ शकते. वीज परत आल्यावर यंत्राने आपोआप सुरू व्हावे अशी सोय बहुतेक डेस्कटॉप-संगणकांच्या बायोसमध्ये असते. ती एकदा शोधून चालू करून ठेवावी.

कोणत्याही निवडीवर शिक्कामोर्तब करण्यापूर्वी ती पारखून पाहता येते, आणि त्यासाठी यंत्रातील काहीही पुसावे लागत नाही. डेबियनच्या ‘लाइव्ह’ प्रती डेस्कटॉपनिहाय निराळ्या मिळतात. एक्सएफसीई व एलएक्सक्यूटी अशा दोन प्रती दोन पेनड्राइव्हवर घ्याव्यात, एखाद्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर यंत्र आळीपाळीने त्यांवरून सुरू करावे आणि दोन्ही वेळा तीच तीन कामे करून पाहावीत: जोडाक्षरांचे फोल्डर करणे, बालभारतीचे एक पुस्तक उघडून पाने उलटणे, आणि पेनड्राइव्हवरील फाइल यंत्राकडे ओढणे. पेनड्राइव्हवरून चालताना सर्वच काही थोडे मंद असते, तेवढी सूट द्यावी. स्मृती किती व्यापली ते सिस्टिम मॉनिटरमध्ये पाहून वहीत लिहावे. या वेळी यंत्रापुढे जाणकाराने बसू नये; ज्या शिक्षकाला किंवा बाईंना यापुढे ते सांभाळावयाचे आहे त्यांना बसवावे आणि जाणकाराने मागे उभे राहावे. कोणत्या मांडणीत त्यांना कमी विचारावे लागले ते तेथेच दिसून येते, आणि तीच खूण स्थापनेच्या यादीत करावी.